थायलंडांतील मुदतवाढ आणि घरचें बोलावणें

आमच्या लहानपणीं पेन्शनर मनुष्याचा दिनक्रम ठरलेला असे. पहाटे नदीपर्यंत फेरी, मग देवपूजा, दुपारीं वर्तमानपत्राचें पारायण आणि सायंकाळीं देवळाच्या पायरीवर समवयस्कांशीं राजकारण. शास्त्रकारांनीं सांगितलेला वानप्रस्थाश्रम एवढ्यावर येऊन थांबला होता. आज पाहावें तों सांगली-साताऱ्याच्या कोणत्याहि आळींत चार घरें हिंडलीं तर दोन घरांतील वडील मंडळी मुलाबाळांकडे परदेशीं गेलेली आढळते; आणि या नव्या वानप्रस्थांना कंदमुळांची नव्हे, तर शिक्क्यांची, मुदतींची व बँकेच्या दाखल्यांची काळजी वाहावी लागते. आम्ही स्वतः त्यांपैकींच एक आहों. गेल्या कांहीं महिन्यांत दोघांतिघां स्नेह्यांनीं पत्रें पाठवून आमच्याकडे या बाबतींत विचारणा केली, म्हणून आमच्यावर आलेला प्रसंग येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

आमचे चिरंजीव बँकॉक येथें नोकरीस आहेत. सन २०२२ च्या अखेरीस आम्ही उभयतां त्यांजकडे आलों. मुलाचे आश्रित म्हणून राहण्याचीहि तेथें सोय आहे. परंतु तिच्यांत एक गोम अशी कीं, मुलाची नोकरी सुटली किंवा बदलली कीं त्याच्या शिक्क्याबरोबर सगळ्या आश्रितांचे शिक्केहि सुटतात. छत्तीस वर्षें फळ्यापुढें उभें राहून काढल्यावर म्हातारपणीं मुलाच्या नोकरीच्या शेपटाला लोंबकळावें, हें आमच्या मनास रुचेना. म्हणून पन्नास वर्षांवरील निवृत्त परदेशीयांस मिळणारी जी एक एक वर्षाची मुदतवाढ, ती आम्हीं आपल्या नांवें घेतली. आमची सौ. मात्र आमची आश्रित म्हणून नोंदली गेली. त्यासाठीं विवाहाचा दाखला लागला. आमचें लग्न १९८४ सालचें. अंतरपाट, मंगलाष्टकें व पंगत यांपलीकडे त्याचा कांहींच पुरावा आमच्यापाशीं नव्हता. तेव्हां साठी उलटल्यावर आम्ही दोघें नोंदणी-कचेरींत जाऊन सह्या करून आलों, तो दाखला भाषांतरित व प्रमाणित करविला, आणि मग एकदांचे थाई सरकारच्या दृष्टीनें पतिपत्नी झालों.

ज्यांनीं थोडेंबहुत संस्कृत घोकलें आहे, त्यांस त्या देशांत पदोपदीं करमणूक आहे. नमस्काराचा शब्द 'सवत्दी', तो आपल्या 'स्वस्ति'पासून बनविलेला. शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात, तो गुरु. बँकेला 'थनाखान', म्हणजे धनागार. परवानगीला 'अनुयात', म्हणजे अनुज्ञात. हें सर्व ऐकून आम्हांस आपल्याच आजोळीं आल्यासारखें वाटलें. पुढें एके दिवशीं निवृत्तीला काय म्हणतात तें विचारलें. उत्तर मिळालें, 'कसियन आयु'. कोशांत पाहतों तों 'कसियन' हा शब्द संस्कृत 'क्षीण' याचेंच रूप! पेन्शन म्हणजे आयुष्य क्षीण होणें. आपल्याकडे 'सेवानिवृत्त' असा सभ्य शब्द योजून जें झांकून ठेवितात, तें त्या लोकांनीं उघडच बोलून टाकिलें आहे.

आतां या क्षीणायूंच्या मुदतवाढीचे नियम. अर्जदाराच्या स्वतःच्या नांवें थाई बँकेंत ८ लाख बाथ असावे लागतात. आपल्या पैशांत ही रक्कम वीस लाख रुपयांच्या वर जाते. किंवा दरमहा ६५ हजार बाथांचें उत्पन्न दाखवावें लागतें, किंवा दोहोंची वर्षाची बेरीज ८ लाख भरावी लागते. मराठी शाळेंतील मास्तरांच्या पेन्शनचा आंकडा ६५ हजार बाथांच्या पासंगालाहि पुरत नाहीं, तेव्हां आम्हांस ठेवीचाच मार्ग मोकळा. गांवची अडीच एकर जमीन विकून आणि भविष्यनिर्वाह निधींतलें राहिलेलें घालून ती रक्कम आम्हीं उभी केली. पण रक्कम असून भागत नाहीं. ती मुरावी लागते. अर्जाच्या दिवसापूर्वीं दोन महिने ती पूर्ण आठ लाख असली पाहिजे, आणि २०१९ च्या मार्चपासून आणखी अशी अट आहे कीं, मुदतवाढ मिळाल्यावरहि तीन महिने तिला हात लावतां कामा नये. त्यापुढेंहि ती चार लाखांच्या खालीं केव्हांहि जाऊं नये. लोणच्याची बरणी फडकें बांधून ठेवावी आणि दादरा सोडण्याची मुभा वर्षांतून ठराविक महिन्यांतच असावी, तशांतला हा प्रकार आहे.

अर्ज कोणत्या दिवशीं करावा, यालाहि नियम आहे. चालू मुदत संपण्यापूर्वींच्या ३० दिवसांतच तो घेतात; कोठें कोठें ४५ दिवस चालतात. आधीं नाहीं, नंतर नाहीं, आणि परदेशांतून तर मुळींच नाहीं. अर्जदार त्या भूमीवर हजर पाहिजे. लवकर अर्ज केल्यानें तोटा होत नाहीं, कारण नवें वर्ष जुन्या मुदतीच्या शेवटापासूनच मोजतात.

याशिवाय तिसरी एक गोष्ट आहे आणि पुष्कळांची फसगत तिच्यांतच होते. मुदतवाढीचा शिक्का म्हणजे जाण्यायेण्याची मुभा नव्हे. पुनःप्रवेशाचा परवाना न काढतां त्या देशाची हद्द ओलांडली कीं ती मुदत तत्क्षणीं नष्ट होते, मग तिचे दहा महिने शिल्लक असोत कीं दहा दिवस. परवाना एका खेपेचा असेल तर १ हजार बाथ, अनेक खेपांचा असेल तर ३,८०० बाथ. नवरा-बायकोंचे परवाने निरनिराळे. आणि या परवान्याचें आयुष्य मुदतीच्या आयुष्याबरोबरच संपतें. म्हणजे मार्चमध्यें नवी मुदत मिळाली तर परवानाहि नवा घ्यावयाचा. जुन्याच परवान्यावर विसंबून विमानांत बसलेले आणि परत येतांना खिडकीपाशीं डोकें धरून बसलेले गृहस्थ आम्हीं स्वतः पाहिले आहेत.

आमची मुदत २० मार्च २०२५ रोजीं संपावयाची होती. १८ फेब्रुवारीपासून अर्ज घेतला गेला असता. ठेव ८ लाख १२ हजार बाथ, खातें स्वच्छ, कागदांची फाईल तयार. परीक्षेच्या आदल्या रात्रीं अभ्यास पुरा झालेल्या विद्यार्थ्याप्रमाणें आम्ही निश्चिंत होतों.

१३ जानेवारीस, म्हणजे भोगीच्या दिवशीं, सायंकाळीं सूनबाई तीळ लावलेल्या भाकऱ्या थापीत असतां सांगलीहून पुतण्याचा फोन आला. आमचे वडील बंधु—आम्ही त्यांना दादा म्हणतों—न्हाणीघरांत पाय घसरून पडले होते. खुब्याचें हाड मोडलें. वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांचें म्हणणें, शस्त्रक्रिया लांबवूं नये; एकंदर खर्च तीन लाखांच्या घरांत जाईल. पुतण्या एका खाजगी शाळेंत तात्पुरत्या नेमणुकीवर काम करतो. दादांचें पेन्शन तुटपुंजें, आणि विमा उतरविण्याची बुद्धि आमच्या घराण्यांत कोणासच कधीं झाली नाहीं.

दादांविषयीं एवढेंच सांगणें पुरे कीं, आमचे वडील वारले तेव्हां आम्ही सहावींत होतों व ते अठरा वर्षांचे होते. त्यांना पुढें शिकावयाचें होतें. तें सोडून ते एका वखारींत कारकून राहिले आणि आम्ही मॅट्रिक झालों तोंपर्यंतची आमची फी, वह्या-पुस्तकें व पाठशाळेंतील शास्त्रीबुवांची गुरुदक्षिणा त्यांच्या पगारांतून गेली. त्याचा उच्चार त्यांनीं आजतागायत केलेला नाहीं. केला असता तर बरें झालें असतें, असें आम्हांस कधीं कधीं वाटतें.

फोन ठेवल्याबरोबर आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें तें धनागारांतील पुस्तक. आठ लाख बारा हजार! त्यांतून ऐंशी हजार बाथ काढले कीं दोन लाख रुपये होतात. उरलेला लाख चिरंजीव देणार होते. त्यांनीं पुण्यास घर घेतलें आहे, त्याचे हप्ते चालू आहेत, त्यापलीकडे त्या महिन्यांत त्यांचा हात जाईना. आमचें पेन्शन गांवच्या घराची डागडुजी आणि येथील औषधपाणी यांतच जिरलेलें. रात्रीं पाटी घेऊन बसावें तसे आम्ही कागद घेऊन बसलों. १८ फेब्रुवारीस अर्ज करावा तर १८ डिसेंबरपासून रक्कम पूर्ण असली पाहिजे. ती तर आतां मोडणार. अगदीं शेवटच्या दिवशीं, २० मार्चला, अर्ज करावा तर २० जानेवारीपासून पूर्ण पाहिजे. म्हणजे ऐंशी हजार आज काढावे आणि सात दिवसांत परत भरावे. सात दिवसांत कोठून भरावे? आणि शेवटच्याच दिवशीं एखादा कागद अपुरा ठरला तर? तीच शस्त्रक्रिया श्रावणांत करावी लागली असती तर कांहींच अडलें नसतें, कारण जूनपासून पुढें चार लाखांपर्यंत रक्कम खालीं आणण्यास कोणाची हरकत नव्हती. संकटें कांहीं मुरण्याचे महिने पाहून येत नाहींत.

एका परिचितानें फोनवर दुसराच मार्ग सुचविला. असे दलाल आहेत म्हणे, कीं जे रक्कम कमी असली तरी 'सर्व व्यवस्था' करून शिक्का आणून देतात. तुम्ही आपले स्वस्थ गांवीं जा. आम्हीं त्यांचे आभार मानून फोन ठेवला. छत्तीस वर्षें मुलांच्या नकला पकडण्यांत घालविली होती. साठीनंतर स्वतः नक्कल करून पास व्हावें, इतकी त्या शिक्क्याची गोडी आम्हांस नव्हती.

खरें सांगावयाचें तर आम्हीं मनाशीं ठरविलें होतें कीं, पैसे काढावयाचे. मुदत गेली तर जाईल. पुन्हां पहिल्यापासून व्हिसा, पुन्हां धनागार, पुन्हां दोन महिने. फार तर वर्षभर नातवंडांपासून दूर राहूं. तसें आम्हीं सौ.ला सांगितलें. ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली,

"अहो, ते बाथ तिथंच राहूं द्यात. माझ्या पाटल्या सांगलीच्या लॉकरांत झोंपा काढताहेत ना?"

"त्या तुझ्या आईच्या," आम्ही म्हणालों.

"म्हणून काय झालं? विकायच्या थोड्याच आहेत! तारण ठेवूं. सोडवतां येतील. हे पैसे एकदां काढलेत तर तुमची मुदत जाईल, तुमच्याबरोबर माझीहि जाईल. मग इथल्या पोरांना शाळेंतून कोण आणील? सूनबाईनं नोकरी सोडायची का?"

आम्ही गप्प राहिलों. पासपोर्टाच्या पानावर तिची नोंद 'आश्रित' अशी आहे.

चार तोळ्यांच्या त्या पाटल्यांवर दोन लाख मिळण्यास अडचण नव्हती. परंतु लॉकर तिच्या नांवें, किल्ली तिच्यापाशीं, तेव्हां दोघांनीं जाणें प्राप्त झालें. दवाखान्यानें तोंवर चिरंजीवांच्या एका लाखावर काम सुरू केलें. विमान १६ तारखेचें मिळालें. गेल्या खेपेचे आमचे परवाने दिवाळींत घरीं जाऊन आलों त्यांतच खर्ची पडले होते—हयातीचा दाखला द्यावयाचा म्हणून आम्ही त्या सुमारास देशीं जातों—तेव्हां नवे काढणें आलें. १५ तारखेस सकाळीं चेंग वत्थना मार्गावरील सरकारी संकुलांत जाऊन दोघांचे फॉर्म, फोटो, पासपोर्टाच्या प्रती व दोन हजार बाथ भरले आणि एकेका खेपेचे परवाने घेतले. ज्यांना इतकी सवड नसेल त्यांच्यासाठीं सुवर्णभूमि विमानतळावरहि ही सोय आहे, परंतु ती निघण्याच्या शिक्क्याच्या आधीं उरकावी लागते. विमानाची घाई, सामान आणि मनांतली काळजी यांच्या जोडीला आणखी एक रांग कशाला, असा आमचा विचार.

दुसऱ्या दिवशीं विमानतळास जातांना रस्त्यांतील शाळा बंद दिसल्या. टॅक्सीवाल्यास विचारलें तों तो म्हणाला, आज 'वन् ख्रू'. १६ जानेवारी हा त्या देशांत शिक्षकदिन असतो. 'तुम्ही काय करीत होतां?' असें त्यानें विचारलें. 'ख्रू' म्हणतांच त्यानें चालत्या गाडींत सुकाणूवरचे दोन्ही हात काढून आम्हांस नमस्कार केला. तेवढा क्षणभर दादांची काळजी बाजूस सारून आम्हांस आमच्या स्वतःच्या जिवाची काळजी लागली.

दादांची शस्त्रक्रिया नीट पार पडली. त्या सात आठवड्यांचें वर्णन येथें करीत नाहीं. घरोघरीं असें दुखणें कोणी ना कोणी काढलेलेंच असतें. पाटल्या कोठें गेल्या हें दादांस कळूं द्यावयाचें नाहीं असें ठरलें होतें, परंतु वहिनींच्या नजरेंतून ते सौ.चे हात सुटणें शक्य नव्हतें. त्यांनीं विचारलें नाहीं. एके दिवशीं दुपारीं हळदीकुंकू लावतांना त्यांनीं आपल्या हातांतल्या दोन बांगड्या काढून सौ.च्या हातांत घातल्या, एवढेंच.

फेब्रुवारीच्या मध्यास दादा चौपायी आधार घेऊन ओसरीपर्यंत चालूं लागले. आणि तेव्हांच ती तारीख पुन्हां आमच्या मानेवर बसली. आमच्या हातचा एका खेपेचा परवाना २० मार्चपर्यंतच जिवंत. त्या दिवसापूर्वीं परतणें पुरेसें नव्हतें. परतून, बँकेचा दाखला काढून, अर्ज देऊन शिक्का पदरांत पाडून घेण्यास हातीं चार दिवस पाहिजेत, शनिवार-रविवार निराळे. आम्ही ८ मार्चचें तिकीट काढलें. दादांस सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "पाडवा तीसला आहे. गुढी तूं उभारशील असं वाटलं होतं. मला आतां हात वर होत नाहीं."

आम्हीं त्यांना तारीख समजावून सांगितली. ज्यांनीं आयुष्यांत कोणत्याहि कचेरीस एक दिवसाची सबब सांगितली नाहीं, त्यांना नियम पटण्यास वेळ लागला नाहीं. "मग जा," म्हणाले. "सरकारी मुदत ती." परंतु त्या संध्याकाळीं ते ओसरीवर आले नाहींत.

परतीच्या प्रवासाविषयीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. विमानतळावर उतरल्यावर पासपोर्ट देतांना पुनःप्रवेशाच्या परवान्याचें पान उघडून पुढें करावें, आणि शिक्का पडल्यावर खिडकी सोडण्यापूर्वीं त्यावरील तारीख वाचावी. ती आपल्या जुन्या मुदतीचीच तारीख असली पाहिजे. गर्दींत एखादे वेळीं पाहुण्या प्रवाशाचा शिक्का पडतो. तो तेथल्या तेथें दुरुस्त होतो, घरीं जाऊन चष्मा लावल्यावर दिसला तर मात्र खेपा घालाव्या लागतात. दुसरें, आम्ही परतलों तेव्हां विमानांत कांहीं भरून द्यावें लागलें नाहीं. १ मे २०२५ पासून मात्र आगमनाचें पत्रक संगणकावर, पोंचण्याच्या आधींच्या तीन दिवसांत, भरावें लागतें. त्याला पैसे पडत नाहींत. कोणी मागितले तर तो सरकारी माणूस नव्हे असें समजावें.

दर नव्वद दिवसांनीं पत्ता कळविण्याचें जें बंधन आहे, त्याचा हिशेब देशाबाहेर गेलें कीं मोडतो आणि परत पाऊल टाकल्या दिवसापासून नव्यानें सुरू होतो. घरमालकानें परदेशी भाडेकरूची वर्दी चोवीस तासांत द्यावयाची असते. पुनःप्रवेशाच्या परवान्यावर त्याच घरीं परतणाऱ्यास २०२० पासून ती पुन्हां द्यावी लागत नाहीं, तरी जुनी पावती फाईलींत ठेवावी हें बरें.

सोमवारीं, १० मार्चला, बँकेंत जाऊन ठेवीचा दाखला घेतला. मंगळवारीं सकाळीं खात्यांत शंभर बाथ भरून त्याच दिवसाची नोंद पुस्तकांत उमटवून घेतली, कारण अर्जाच्या दिवशींची शिल्लक कागदावर दिसावी लागते. पुस्तकाच्या सगळ्या पानांच्या प्रती, पासपोर्टाच्या प्रती, प्रत्येकीवर निळ्या शाईनें सही, ४ बाय ६ सेंटिमीटरचे फोटो, घराचा पत्ता व नकाशा, सौ.साठीं विवाहाचा दाखला. इतका गृहपाठ आम्हीं कोणत्याहि विद्यार्थ्यास कधीं दिला नसेल. खिडकीमागील बाईंनीं पुस्तक बोटानें वरून खालपर्यंत चाळलें. जानेवारीच्या नोंदीपाशीं त्यांचें बोट थांबलें असें आम्हांस वाटलें. बहुधा तो आमच्या मनाचा खेळ असावा. तेथें व्याजाशिवाय कांहींच नव्हतें. प्रत्येकीं १,९०० बाथ भरले. फोटो काढला. मुदतीबाहेर राहिल्यास रोजचे ५०० बाथ, वीस हजारांपर्यंत, दंड होतो, हें कळल्याबद्दल सही दिली. दुपारीं दोनच्या सुमारास दोन्ही पासपोर्ट परत आले. २० मार्च २०२६.

तेथून घरीं न जातां आम्ही त्याच इमारतींत पुनःप्रवेशाच्या खिडकीकडे वळलों आणि दोघांसाठीं अनेक खेपांचे परवाने मागितले. सौ.नें आंकडा ऐकला मात्र, आमचा सदरा ओढून म्हणाली, "अहो, साडेसात हजारांच्या वर! दोनदां गेलों तर एकेक खेपेचेच स्वस्त पडतील."

हिशेब तिचा बरोबर होता. आम्हीं तो पूर्वीं दोन वर्षें मानलाहि होता.

"तीनदां जाऊं," आम्ही म्हणालों. "आणि फोन आल्या रात्रींच निघतां येईल."

तिनें पिशवींतून पैसे काढून दिले.

पाडव्याला पुतण्यानें गुढी उभारली. दादांनीं खुर्चीवर बसून तिला हात लावला, असा फोटो आला. जूनच्या अकराला ठेवीचे तीन महिने पुरे झाले. बाराव्या दिवशीं सकाळीं आम्ही धनागाराच्या दारांत होतों. ऐंशी हजार बाथ काढून सांगलीस पाठविले, आणि ऑगस्टांत गणपतीस गेलों तेव्हां सौ. स्वतः बँकेंत जाऊन पाटल्या सोडवून घेऊन आली. वहिनींच्या दोन बांगड्या तिनें परत केल्या, त्या त्यांनीं घेतल्या नाहींत. आतां त्याच लॉकरांत आहेत. काढलेले ऐंशी हजार डिसेंबरपूर्वीं भरावयाचे म्हणून चिरंजीव व आम्ही महिन्याच्या महिन्यास थोडें थोडें टाकूं लागलों.